अशुद्ध आवाज

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. ग्रहांची भीती घालून जोशी एका गरोदर कुणबिणीच्या घराला लुबाडतो आणि विदूषक मधेमधे पुढे येऊन त्या लुबाडणुकीचा अर्थ लोकांना सांगतो. माझ्या मते, आपल्या बाजूने बोलणारा मराठी नाटकातला हा पहिला आवाज. तो १२४ वर्षे कागदात कोंडून राहिला.

वाशिम जिल्ह्यातील आसेगावचा माझा एक विद्यार्थी युवक महोत्सवाच्या निवड-चाचणीसाठी याच विदूषकाचे बोलणे बसवीत होता. जोतीरावांची वाक्ये लांब. एका दमात किती पेलते, श्वास कुठे चोरायचा, उपहास कुठे संपतो आणि संताप कुठे सुरू होतो, यावर आम्ही आठवडाभर झटलो. निकालावर शेरा आला : उच्चार अशुद्ध.

वऱ्हाडात ‘ण’चा ‘न’ होतो आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळत नाही असे मात्र होत नाही. स्पष्टता ही नटाची जबाबदारी आहे. शुद्धता ही कोणाच्या तरी घरची बोली आहे. या दोन गोष्टींची गल्लत परीक्षकाच्या सोयीची असते. सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलसेकरी गावोगाव बोलले, गायले. त्यांना शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवावा लागे. भीमराव कर्डकांचे ‘आंबेडकरी जलसे’ हे १९७८ चे पुस्तक आपल्या नाट्यशिक्षणात पाठ्यपुस्तक म्हणून का लावले जात नाही?

प्रमाण उच्चार शिकूच नयेत, असे मी म्हणत नाही. १९७० च्या ‘नटसम्राट’मधला बेलवलकर हा जुना कसलेला नट आहे. घोटीव वाणी हा त्याचा धंदाच, तिथे ‘ण’ चुकला तर पात्र चुकले. (ही भूमिका गाजवणारे डॉ. श्रीराम लागू पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. घसा म्हणजे काय हे त्यांना दोन्हीकडून ठाऊक होते.) पण जोतीरावांच्या विदूषकावर बेलवलकरची वाणी कोणी लादावी?

मुलगा खचला नाही. आता त्याने प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही १९७७ ची दोनच पात्रांची एकांकिका हाती घेतली आहे. वर्ग सुटल्यावर दोन्ही बाजू तो एकटाच म्हणून पाहतो. नाकारणाऱ्याच्या तोंडी ‘पाणी’, ‘ण’ अगदी ठणकावून. तहानलेल्याच्या तोंडी ‘पानी’. त्या दोहोंमध्ये किती थांबायचे, एवढेच अजून ठरायचे आहे.