दोष वस्तूत की ओळखीत?

१९३७ साली नई तालीमची कल्पना मांडताना गांधीजींचा आग्रह होता, की हस्तोद्योग केवळ यांत्रिकपणे शिकवू नये. प्रत्येक क्रियेमागचे ‘का’ मुलाला कळावे. त्याच ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत या कल्पनेवर चर्चा झाली. ही कसोटी आपण शाळेतल्या संगणकाला लावून पाहू.

लॅपटॉपवर नवी कार्यप्रणाली बसवताना कधीकधी ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा संदेश येतो. डिस्क बिघडली म्हणावे, तर बायोसच्या यादीत तिचे नाव दिसते! असे का?

डिस्क आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये नियंत्रक असतो. त्याची भाषा जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज एक्सपी आली २००१ साली. एएचसीआय ही जोडणीची पद्धत २००४ साली. साहजिकच जुन्या सीडीत नवा दुभाषी नव्हता. तो फ्लॉपीवरून द्यावा लागे, आणि पुढच्या लॅपटॉपना फ्लॉपीची खाचच उरली नव्हती! २०२० नंतर इंटेलच्या व्हीएमडी पद्धतीमुळे हाच प्रसंग पुन्हा आला. आता ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून देतात.

म्हणून आधी बायोस पाहावे. तेथे नाव नसेल, तर जोडणी आणि डिस्क तपासावी. असेल, तर ड्रायव्हर द्यावा. नव्या डिस्कवर शाळेचा पैसा खर्चण्यापूर्वी मुलांनाच विचारू या : दोष वस्तूत आहे, की ओळखीत?