मिरजेचा सूर

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. एखाद्या आवाजाने माणसाच्या काळजाचे काय केले, याची नोंद तिथे क्वचितच सापडते. अशीच एक राहून गेलेली नोंद आम्ही येथे करू इच्छितो.

उस्ताद अब्दुल करीम खाँ 1872 साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुढे मिरज हेच आपले घर मानले. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ देऊ नये, असा तो जमाना होता. खाँसाहेबांनी मात्र कुंदगोळच्या रामभाऊंना पोटच्या पोराप्रमाणे शिकवले. हेच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व झाले.

गदगच्या बाजूचा एक मुलगा खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकतो. तीन-साडेतीन मिनिटांची ती तबकडी! पण त्या सुराने पोराची झोप उडवली. आपल्यालाही असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने तो 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. भटकून भटकून अखेर सवाई गंधर्वांच्या पायाशी पोहोचला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्याच शिष्या रोशनआरा बेगम 1948 मध्ये पाकिस्तानात गेल्या. मुलूख वाटला गेला, सूर वाटता आला नाही.

आम्ही त्या जुन्या तबकड्या ऐकतो तेव्हा आधी खरखर येते. मग बारीक, टोकदार, विनवणी करणारा तो आवाज. शब्द नीट कळत नाहीत, तरी डोळे भरून येतात. दुआ मागताना मन जसे हलके होते, तसेच काहीसे होते.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. त्याचा फैसला करण्याइतका आमचा अभ्यास नाही आणि अधिकारही नाही. पण इतिहास काय सांगतो, ते पाहावे. 1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली, म्हणून एका लहान स्टेशनावर उतरले. तिथेच तंबोरा जुळवून दरबारी रागात त्यांनी अल्लाहची आळवणी केली आणि डोळे मिटले, असे सांगितले जाते. मय्यत मिरजेला आणली गेली. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि हिंदू-मुसलमान कलावंत हजेरी लावतात.

याच मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तलवारी बाजूला ठेवून सतार-तंबोरे घडवायला घेतले. आज त्यांचे तंबोरे देशभरच्या मैफलींत झंकारतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

2009 च्या गणेशोत्सवात हेच मिरज दंगलीने पेटले होते. आपल्या मुलांना मिरज म्हटले की तेवढेच आठवावे काय? या मातीशी आपले नाते काय, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. तेव्हा आपण किल्लेदारांची आणि सरदारांची नावे पुढे करतो. ती जरूर करावीत. पण त्या यादीत एका गवयाचेही नाव लिहावे. त्याने तलवार कधी उचलली नाही, तरी जात-धर्म न पाहता माणसांना आपला वारस केले.