जलतापक, प्रवाही

जलतापक, प्रवाही : पाणी टाकीत साठवून न ठेवता, ते नळातून वाहत असतानाच तापविणारे घरगुती उपकरण. नळ उघडताच त्यातील ज्योत पेटते अथवा विद्युत् प्रवाह सुरू होतो आणि नळ मिटताच तापविणे थांबते. व्यवहारात यास ‘इन्स्टंट गीझर’ म्हणतात. गीझर हा शब्द आइसलँडमधील गेसिर या उष्णोदकाच्या फवाऱ्यावरून आलेला असून मराठीत तो टाकीच्या व बिनटाकीच्या अशा दोन्ही प्रकारच्या जलतापकांना लावला जातो.

इतिहास : नळाचे पाणी घरोघर येण्यापूर्वी स्नानाचे पाणी साठवूनच तापविले जाई. महाराष्ट्रात त्यासाठी चुलवणावरील हंडा किंवा तांब्याचा बंब वापरीत. बंबाच्या मध्यभागी उभी नळी असून तीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा वा गोवऱ्या जाळीत. नळीभोवतीचे पाणी तापले, की ते घंगाळात काढून विसणून घेत. बंबाचा धूर नळीच्या तोंडाने उघड्यावर किंवा हवेशीर न्हाणीघरात जाई. धुराच्या वाटेचा हा प्रश्न पुढील काळातही महत्त्वाचा ठरला.

लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या प्रवाही जलतापकाचे एकस्व घेतले व त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. यात वायूच्या ज्योतीवरील उष्ण वायूंमधून पाणी खाली येत असताना तापे. पाणी क्षणात गरम होई. तथापि ज्वलनातून निर्माण होणारे वायू बाहेर नेणारी धूरनळी त्यास नव्हती. बंद स्नानगृहात हे उपकरण धोकादायक होते. उष्णतेचा प्रश्न सुटला, पण धुराचा सुटला नाही.

पुढे या विद्येच्या दोन शाखा झाल्या. नॉर्वेत जन्मलेले अभियंता एडविन रूड यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १८८९ मध्ये स्वयंचलित, टाकीयुक्त वायुतापक तयार केला. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी इंधनाची उष्णता मोजणारा उष्णतामापक बनविला व त्या अनुभवावरून प्रवाही वायुतापकाकडे वळून १८९५ मध्ये डेसाऊ येथे कारखाना काढला. पुढे विमानरचनेमुळे विख्यात झालेल्या युंकर्स यांचा हा व्यवसाय १९३२ मध्ये बॉश कंपनीने विकत घेतला. अमेरिकेत प्रामुख्याने टाकीचा, तर जर्मनी व जपान येथे प्रवाही तापकाचा प्रसार झाला.

कार्य व मर्यादा : एक लिटर पाण्याचे तापमान १° से. ने वाढविण्यास सु. ४.१९ किलोजूल उष्णता लागते. टाकीच्या तापकात ती सावकाश देता येते; प्रवाही तापकात पाणी वाहते तेवढ्याच वेळात द्यावी लागते. मिनिटास ६ लि. पाणी २०° से. ने तापविण्यास सु. ८.४ किवॉ. शक्ती लागते. भारतीय घरातील १६ अँपिअरच्या खटक्यावरून सु. ३.७ किवॉ. एवढीच शक्ती घेता येते. त्यामुळे येथे रूढ असलेला ३ किवॉ. चा विद्युत् तापक मिनिटास सु. २ लि. पाणीच तेवढे तापवू शकतो. तीन कलांच्या वीजजोडणीमुळे जर्मनीत १८ ते २७ किवॉ. चे तापक घरोघर चालतात.

बादलीने स्नान करण्याच्या पद्धतीस मात्र ही मर्यादा फारशी बाधत नाही. १५ लि. ची बादली ३ किवॉ. च्या तापकाने सु. ७ मिनिटांत भरते व सु. ०.३५ युनिट वीज लागते. फवाऱ्याखाली स्नान करणाऱ्यास तोच तापक तोकडा वाटतो. गच्चीवरील टाकीपासून दोनतीन मीटर खाली असलेल्या वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब अपुरा पडून काही तापक पेटतच नाहीत. जड पाण्याच्या विहिरी वा कूपनलिका असलेल्या ठिकाणी नळ्यांत क्षारांचे थर साचतात.

निवड : टाकीतील उष्णता वापर नसतानाही बाहेर झिरपते, हा अपव्यय टळणे, हा प्रवाही तापकाचा मुख्य लाभ होय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानुसार दिवसाला सु. १५५ लि. पर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरांत तो टाकीपेक्षा २४ ते ३४ टक्के, तर सु. ३२५ लि. वापरणाऱ्या घरांत केवळ ८ ते १४ टक्के अधिक कार्यक्षम ठरतो. म्हणजेच वापर जितका थोडा व तुटक, तितका हा लाभ मोठा. वायुतापकात ठिणगीऐवजी सतत जळणारी लहान ज्योत असल्यास तिच्यामुळे ही बचत घटते.

काटकसरीपेक्षा सुरक्षिततेचा विचार मोठा आहे. अपुऱ्या हवेत वायू जळल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग व वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाहून दोनशेपटींपेक्षा अधिक प्रमाणात संयोग पावतो. बंद स्नानगृहातील वायुतापकामुळे भारतात मृत्यू ओढवले आहेत. म्हणून वायुतापक स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाणी नळीने आत आणणे किंवा त्याची धूरनळी थेट बाहेर काढणे अत्यावश्यक होय. अशी सोय नसलेल्या घरात विद्युत् तापकच स्वीकारणे इष्ट ठरते.