फट अरुंद, पट्टा रुंद

लाल लेझरचा किरण ०.१ मिलिमीटरच्या फटीतून सोडला, की दोन मीटरवरच्या भिंतीवर मधला उजळ पट्टा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद पडतो. फट निम्मी करा, पट्टा दुप्पट होतो. मुलांना आधी विचारलं तर ती नेमकं उलट सांगतात. हेच विवर्तन.

प्रकाशाचा विषय निघाला की आपल्यात कुणीतरी म्हणतंच, हे सगळं इब्न अल-हैसमने आधीच सांगितलंय. हे मात्र नाही. बसऱ्याच्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर' लिहिली, छिद्रातून अंधारात येणाऱ्या उजेडावर प्रयोग केले, प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवलं. त्याच्या थोरवीला एवढं पुरे आहे. दुसऱ्याचं श्रेय कशाला चिकटवायचं?

विवर्तन हेरलं बोलोन्याच्या ग्रिमाल्दी या जेझुइट पाद्र्याने. त्यानेही खोली अंधारीच केली. बारीक छिद्रातून ऊन आत घेतलं, त्यात काडी धरली. सावली सरळ रेषेच्या हिशेबापेक्षा रुंद पडली आणि कडेला रंगीत पट्टे उमटले. सरळ जाणं, परावर्तन, अपवर्तन यांच्या जोडीला प्रकाशाची ही चौथी रीत, असं त्याने लिहिलं. 'डिफ्रॅक्शन' हा शब्दही त्याचाच. १६६३ मध्ये तो वारला, पुस्तक १६६५ मध्ये निघालं. तरंगांचं गणित मांडून फ्रेनेलने त्याचा उलगडा केला तो थेट १८१८ मध्ये.