पलटणीतली माणसे आणि डोंगराची हवा

आपल्या खटाव-माण भागात पाऊस कमी, जमीन बरड, म्हणून मुले पलटणीत जातात. हे आपणा सर्व भगिनींना माहीत आहे. भरती कशी होते, मनिऑर्डर कधी येई, पेन्शन किती, या गोष्टी आपण ओट्यावर बसून पुष्कळ बोलतो. परंतु लढाईहून परत आलेला माणूस बरा कसा होतो, आणि त्याच्या घरच्यांचे काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरी वाचनाची आवड असल्यामुळे जे वाचले व घरात पाहिले ते येथे लिहीत आहे.

शिपायाला डोंगरावर नेऊन बरे करण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. आज आपण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो. पण ते ठिकाण वसले ते आजारी गोऱ्यांसाठी. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी त्या डोंगरावर चढला आणि तेथील हवा त्याला मानवली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने मनावर घेतले. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा इंग्रजांकडे गेली, व माल्कमपेठ वसली. त्या काळी हिवतापाचे कारण डास, हे कोणास ठाऊक नव्हते. ते १८९७ साली रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेस शोधून काढले. तोपर्यंत ताप खराब हवेने येतो अशीच समजूत होती. समजूत चुकीची, पण उपाय लागू पडे, कारण उंचावर थंडीमुळे डास कमी. अशिक्षित बायकांच्या पुष्कळ औषधांचेही असेच असते!

महाबळेश्वरी पावसाळ्यात राहणे कठीण. म्हणून पुढे कमी पावसाची पाचगणी वसविण्यात आली. पुरंदर किल्ल्यावरही गोऱ्या सोल्जरांसाठी आरोग्यधाम होते. ज्या किल्ल्यावर संभाजी महाराजांचा जन्म झाला, तेथे तापातून उठलेले साहेब फेऱ्या मारीत होते.

आता आपल्या माणसांकडे येऊ. १९१४ च्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या. सातारा तालुक्यातील अपशिंगे या एका गावातील ४६ जवान त्या युद्धात कामी आले. गावाला तेव्हापासून मिलिटरी अपशिंगे म्हणतात. कुत-अल-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला होता. खाणे संपले, तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. आपल्या शिपायांना ते कसे गिळवले असेल! शरणागतीनंतर वाळवंटातून पायी नेताना कित्येक कैदी वाटेतच मेले. जे परतले त्यांना थंड हवेचा डोंगर कोणी दिला नाही. ते गावी आले, आणि त्यांना बरे करण्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांवर पडले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग झालेल्या हिंदी शिपायांसाठी हुन्नर शिकविणारी शाळा मुंबईत निघाली. तीच पुढे खडकीला गेली. ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ असे तिचे नाव. हात-पाय गमावलेल्या माणसाला दान नको, काम हवे, हे एका बाईच्या ध्यानी आले याचे मला कौतुक वाटते.

आमच्या घरचे सांगते. माझे सासरे १९७१ च्या लढाईत होते. अंगावर एक ओरखडाही नव्हता. पण घरात छपराखाली त्यांना झोप येत नसे. ते येरळेकाठच्या रानात बाजेवर जाऊन निजत. सासूबाईंनी आम्हां सुनांना पहिल्याच आठवड्यात शिकविले की, मामंजींना हात लावून उठवायचे नाही. लांब उभे राहून तांब्या वाजवायचा. दोन-तीन वर्षांनी औत, बैल, पाणी धरणे यांत ते हळूहळू निवळले, असे सासूबाई सांगत. त्यांना स्वतःला मात्र आयुष्यभर पहाटे तीनला जाग येत असे. तिला औषध कोणी विचारले नाही.

परदेशातही असेच दिसते. अमेरिकेतील अर्ल शॅफर हा शिपाई दुसऱ्या महायुद्धातून परतला, त्याचा जिवलग मित्र इवोजिमा बेटावर मारला गेला होता. १९४८ साली तो डोंगराडोंगरांतून दोन हजार मैलांहून अधिक एकटा चालला, मनातली लढाई चालून घालवावी म्हणून. त्याच साली इंग्लंडमध्ये डॉक्टर लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या १६ जणांचे खेळ भरविले, त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आता त्या देशांत सैनिकांना बायका-मुलांसह रानात, नदीकाठी मुक्कामाला नेतात, हे वाचून मला आमची बाज आठवली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव सिनेमा निघाल्यापासून मुलांनाही ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. पाण्यात अंग हलके होते, पायांचे काम हात करू शकतात. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांविषयी काय बोलावे!

कणा दुखावलेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ साली स्वतंत्र पुनर्वसन केंद्र निघाले. तेथे उपचार, राहणे, खेळ, हस्तव्यवसाय अशी सोय आहे. जवानाची सोय झाली, हे उत्तमच. घरी राहिलेल्या बाईने कोठे जावे?

मंडळाची यंदाची सहल ठरायची आहे. मी पुरंदरचे नाव सुचविले आहे. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रत्येकीने ओळखपत्र बरोबर घ्यावे. आपल्या आळीत पलटणीतल्या माणसांच्या बायका, आया व विधवा मिळून मी अकरा मोजल्या. त्यांची वर्गणी मंडळाने भरावी, आणि डबा आम्ही बाकीच्यांनी करावा, असे माझे म्हणणे मी पुढच्या सभेत मांडणार आहे.