जॉबची ‘बर’ मशीनवरच कशी काढायची? ओझर, अंबड, सातपूरला कामाला जाणाऱ्यांसाठी सीएनसी डीबरिंगची माहिती

निफाड : द्राक्षाच्या छाटणीला कात्री बोथट असली की काय होतं, हे तालुक्यात कुणाला सांगायला नको. काडी तुटते, पण स्वच्छ तुटत नाही. खालच्या बाजूला साल लोंबकळत राहते. लोखंड किंवा ॲल्युमिनियम कापतानाही हेच घडतं. कटर धातूच्या कडेवरून बाहेर पडतो, तेव्हा शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी वाकतो आणि कडेला चिकटून राहतो. वर्कशॉपमध्ये याला ‘बर’ म्हणतात आणि ती काढण्याच्या कामाला डीबरिंग.

निफाड तालुक्यातून रोज कितीतरी मुलं अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरीच्या कारखान्यांत जातात. ओझर तर तालुक्यातच. तिथं १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना सुरू झाला. मिग आणि नंतर सुखोई-३० विमानं तिथं तयार झाली. या सगळ्या साखळीत आयटीआय करून नवीन लागलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी बहुतेक वेळा कानस किंवा स्क्रेपर येतो. मशीन दुसरा चालवतो, याने कडा घासायच्या. महिने जातात, बोटं कापतात, पण मशीनच्या पॅनलला हात लागत नाही. हेच काम मशीनकडून करून घेण्याचा प्रोग्रॅम कसा असतो, हे ज्याला कळलं त्याची घासण्यातून सुटका लवकर होते.

बर राहिली तर बिघडतं काय?

फवारणीच्या पंपाचं उदाहरण घ्या. व्हॉल्व्हच्या बॉडीत ओ-रिंग बसवताना भोकाच्या तोंडाशी बर असेल, तर रबर बसतानाच चिरलं जातं. पंप कारखान्यातून चांगला निघतो आणि बागेत गळायला लागतो. हायड्रॉलिकच्या ब्लॉकमध्ये आतल्या भोकांच्या जोडावर राहिलेला कण सुटून तेलाबरोबर फिरतो आणि स्पूल अडकवतो. ट्रॅक्टरची लिफ्ट मध्येच थांबण्यामागे असला एखादा कण असू शकतो. तीक्ष्ण कडेवर रंगही पातळ बसतो, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. विमानाच्या भागांत तर प्रश्न जिवाचा असतो, कारण वारंवार ताण आल्यावर तडा बहुधा ओबडधोबड कडेपासून पडायला लागतो. त्यामुळे ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सर्व धारदार कडा ०.२ ते ०.५ मोडाव्यात’ अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ वाचलीच नाही म्हणून लॉट परत आला, असं नव्या सेटरच्या बाबतीत सर्रास घडतं. कडा ड्रॉइंगवर कशा दाखवायच्या यासाठी आयएसओ १३७१५ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानकच आहे.

बर कुठं येणार, हे आधी ओळखा

बर सगळीकडे सारखी येत नाही. कटर जिथून धातूच्या बाहेर निघतो, तिथं मोठी. जिथून आत शिरतो, तिथं लहान. ॲल्युमिनियम, माइल्ड स्टील, स्टेनलेस हे लवचीक धातू, ते वाकतात आणि बर सोडतात. बिडाचं तसं नाही. बीड ठिसूळ, त्यामुळे बर कमी, पण कडेचा टवकाच उडतो. टूल झिजलं की बर वाढते. म्हणून डीबरिंगचा पहिला उपाय प्रोग्रॅममध्ये नसून टूल वेळेवर बदलण्यात आहे. पाचव्या जॉबला पातळ असलेली बर पन्नासाव्या जॉबला जाड झाली, तर चॅम्फरचा प्रोग्रॅम दुरुस्त करत बसू नका, आधी एंड मिल बघा.

फेस मिलिंग करताना शेवटचा पास बाहेरून आत येईल असा ठेवला, तर त्या बाजूची मोठी बर येतच नाही. फुकटातला फायदा आहे, पण फार कमी जण घेतात.

चॅम्फर टूलचं गणित

मशीनवर बर काढायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे ९० अंशाचं चॅम्फर टूल कडेवरून फिरवणं. कड ४५ अंशात मोडते आणि बर निघून जाते. इथं नवीन माणूस एक चूक हमखास करतो: टूलचं अगदी टोक कडेवर आणतो. टोकाशी व्यास जवळजवळ शून्य, म्हणजे कापण्याचा वेगही शून्य. तिथं टूल कापत नाही, रगडतं. बर निघायच्या ऐवजी दुसरीकडे दुमडते.

म्हणून टूल खाली उतरवायचं आणि त्याच्या मधल्या भागाने कापायचं. समजा टूल १० मिलिमीटरचं आहे, ९० अंशाचं, आणि टोकाला २ मिलिमीटर व्यासाचा सपाट भाग आहे. म्हणजे टोकाची त्रिज्या १. कड मोडायची आहे ०.३. टूलचं टोक जॉबच्या वरच्या पृष्ठभागापासून २ मिलिमीटर खाली न्या, म्हणजे झेड वजा २. ४५ अंशाच्या टूलमध्ये जितकं वर जावं तितकी त्रिज्या वाढते. त्यामुळे वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर टूलची त्रिज्या १ अधिक २, म्हणजे ३ झाली. कड ०.३ मोडायची, म्हणून टूलचा मध्य भिंतीपासून २.७ वर ठेवायचा. हाच आकडा ऑफसेटच्या पानावर डी मध्ये भरायचा. प्रोग्रॅम मात्र जॉबच्या खऱ्या मापावरच लिहायचा.

सूत्र एवढंच : टोकाची त्रिज्या अधिक खोली, वजा ऑफसेट, म्हणजे चॅम्फर. खोली ०.१ ने वाढवली की चॅम्फर ०.१ ने वाढतो. ऑफसेट ०.१ ने कमी केला तरी तेवढाच वाढतो. याचा दुसरा अर्थ असा की टूलची लांबी मोजताना ०.१ ची चूक झाली, तर ती जशीच्या तशी कडेवर दिसणार. चॅम्फर एका शिफ्टला जाड, दुसऱ्याला पातळ येत असेल तर बहुतेक वेळा एच ऑफसेट घेण्याची पद्धत दोघांची वेगळी असते.

टूलपाथ लिहिताना

स्पिंडल नेहमीच्या दिशेने, म्हणजे एम०३ ने फिरत असेल, तर जी४१ लावून बाहेरच्या कडेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं, आणि खिशाच्या म्हणजे पॉकेटच्या आतून उलट दिशेने. दोन्हीकडे क्लाइंब मिलिंग होतं आणि कड स्वच्छ येते. जी४१ सरळ रेषेच्या चालीतच लावायचा, कमानीवर नाही. नाहीतर फानुक कंट्रोल अलार्म देतो. नंतर छोट्या पाव वर्तुळाने कडेला भिडायचं, म्हणजे टूल लागल्याची खूण उमटत नाही. सुरुवातीच्या बिंदूच्या १-२ मिलिमीटर पुढं जाऊनच बाहेर पडायचं. नाहीतर तिथं तांदळाएवढी बर राहते आणि तपासणीत बोट नेमकं तिथंच लागतं. बाहेर आल्यावर जी४० विसरायचा नाही.

पॉकेटचे आतले कोपरे अडचणीचे. कोपऱ्याची त्रिज्या २.५ असेल आणि ऑफसेट २.७ असेल, तर टूल तिथं मावत नाही. फानुकवर ४१ नंबरचा अलार्म येतो. अशा वेळी लहान टूल शोधत बसण्याआधी खोली कमी करून बघा. झेड वजा १.३ आणि ऑफसेट २.० ठेवला, तरी चॅम्फर ०.३ च येतो, आणि कोपऱ्यात टूल बसतं. कापणारा व्यास लहान झाल्याने आरपीएम मात्र वाढवावे लागतील.

शेजारी उंच भिंत असेल तर आणखी सांभाळा. वरच्या उदाहरणात टूल कडेवर ३ त्रिज्येचं दिसतं, पण जॉबच्या पृष्ठभागापासून २ मिलिमीटर वर ते पूर्ण ५ त्रिज्येचं होतं. भिंत टूलच्या मध्यापासून ५ पेक्षा जवळ असेल तर टूल तिला घासणार. सिम्युलेशनमध्ये खालचा भाग बघून ‘बसतंय’ म्हणणारे इथं फसतात.

भोकांसाठी वेगळं टूल लागत नाही. एम८ च्या आट्यांसाठी ६.८ चं ड्रिल जातं. त्याआधी ९० अंशाच्या स्पॉट ड्रिलने ४.३ मिलिमीटर खोल टोचलं, तर तोंड ८.६ चं होतं. म्हणजे ड्रिल आणि टॅप मारल्यावर चॅम्फर आपोआप तयार असतो. तेच स्पॉट ड्रिल बाहेरच्या कडांनाही फिरवता येतं, म्हणजे एक टूल चेंज वाचतो. भोकाच्या खालच्या तोंडाची बर मात्र वरून निघत नाही. त्यासाठी जॉब उलटवायचा, नाहीतर मागून कापणारं टूल खाली घालून वर ओढायचं.

वेळ कुठं जातो?

१२० बाय ८० च्या ॲल्युमिनियम प्लेटची बाहेरची कड ४०० मिलिमीटर. चार दातांचं कार्बाइड टूल, ८००० आरपीएम, दातामागे ०.०५ फीड धरला तर मिनिटाला १६०० मिलिमीटर. म्हणजे कड १५ सेकंदांत संपली. तरीही अनेकांचा डीबरिंगचा प्रोग्रॅम दीड-दोन मिनिटं चालतो. वेळ कापण्यात जात नाही, हवेत जातो. प्रत्येक कडेनंतर टूल झेड १०० ला जातं, सरकतं, परत खाली येतं. मध्ये क्लॅम्प नसेल तर पृष्ठभागापासून २ मिलिमीटर वर राहून पुढच्या कडेवर जाता येतं. क्लॅम्प असतील तिथं त्यांच्या उंचीपेक्षा थोडं वर, एवढंच. कडांचा क्रमही शेजार बघून लावायचा. 

कॅम सॉफ्टवेअरमध्ये आता सगळ्या कडा आपोआप शोधून टूलपाथ देणारी सोय असते. मास्टरकॅममध्ये आहे, फ्यूजनमध्येही आहे. वळणावळणाच्या, तिरप्या कडांना बॉल नोजने किंवा पाच अक्षांच्या मशीनवर काढायचं तर तिचा खरा उपयोग. पण ‘सर्व कडा निवडा’ दाबून मोकळं होऊ नये. ज्या कडेला सील बसतं किंवा जी मुद्दाम तीक्ष्ण ठेवायची असते, तीही सॉफ्टवेअर मोडून टाकतं. व्हाइसच्या जबड्याला लागून असलेली कडही त्याला कड वाटते.

कास्टिंगच्या जॉबला हे गणित नीट चालत नाही. एका ओतकामाची कड ०.५ वर, दुसऱ्याची ०.५ खाली, ठरलेल्या खोलीने एकावर जाड चॅम्फर येतो, दुसऱ्यावर बर तशीच राहते. तिथं स्प्रिंग असलेलं टूल किंवा नायलॉनचा अपघर्षक ब्रश बरा, नाहीतर प्रोबने उंची मोजून मग खोली ठरवावी. ब्रशची भुकटी कुलंटमध्ये जाते, त्यामुळे गाळणी चांगली हवी.

चॅम्फर टूलही स्वतःची बारीक बर सोडतं. मोडलेल्या कडेला ९० ऐवजी १३५ अंशाचे दोन कोपरे होतात, त्यामुळे ही बर लहान असते; पण टूल बोथट असेल तर हाताला जाणवते. चॅम्फर आधी करून भिंतीचा शेवटचा बारीक पास नंतर घेतला, तर भिंतीकडे वळलेली बर त्यातच निघते.

प्रत्येक वेळी मशीनवरच करावं का?

नाही. समजा जॉबचा सायकल टाइम ६ मिनिटं, लोडिंग १ मिनिट आणि शिफ्टला ६० जॉब. म्हणजे ४२० मिनिटं झाली. डीबरिंगचे २५ सेकंद जोडले तर ६० जॉबना आणखी २५ मिनिटं. ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये ती बसतात. हाताने अडीच मिनिटं धरली तर १५० मिनिटं लागतात, पण ती सायकल चालू असताना ऑपरेटरच्या रिकाम्या वेळेत होऊ शकतात. मशीन आधीच अपुरी पडत असेल आणि ऑपरेटर ६ मिनिटं उभा असेल, तर कानस स्वस्त पडते, हे खरंच आहे. पण हाताच्या कडा दहा जॉबवर दहा तऱ्हेच्या येतात. ड्रॉइंगवर ०.२ ते ०.५ लिहिलं असेल, तर संध्याकाळच्या थकलेल्या हाताकडून ते पाळलं जाण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवताना झेड ५० मिलिमीटर वर उचलून, सिंगल ब्लॉक लावून, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून कोरडा फेरा घ्या. पहिल्या जॉबला डी मध्ये ०.२ जास्त भरा, चॅम्फर पातळ येईल. मोजा आणि मग कमी करा. जास्त कापलेलं परत येत नाही. स्पिंडल फिरत असताना बोट लावून बर बघायची नाही, आणि त्या जवळ हातमोजेही नकोत. मोजा अडकला तर हात ओढला जातो. जॉब बाहेर काढल्यावर मात्र मोजे घाला. बर ब्लेडसारखी कापते, आणि चिरेत गेलेला कण दुखत राहतो.

शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये मशिनिस्ट आणि टर्नर हे ट्रेड आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि कॅमचे कोर्स चालतात. ओझरच्या कारखान्यात आयटीआय झालेल्यांना ॲप्रेंटिस म्हणूनही घेतात; त्यासाठी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी आणि जाहिरातीवर लक्ष ठेवावं. कोर्सला जाण्याआधी घरी वहीवर वरचं गणित ०.२, ०.५ आणि १ मिलिमीटरच्या चॅम्फरसाठी सोडवून बघा. १ मिलिमीटरला, टूल तेच आणि झेड वजा २ असताना, ऑफसेट २.० येतो. तो आला की बाकीचं पॅनलवर समजतं.