शेअर बाजारातले शब्द मोंढ्याच्या भाषेत : पैसे टाकण्याआधी एवढं वाचा

सोयाबीनची पट्टी झाली, उसाचं बिल आलं किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा खात्यावर पडला, की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. "तीन महिन्यांत पैसे दुप्पट", "डीमॅट फुकट काढून देतो", "आमच्या ग्रुपला जॉईन व्हा". नांदेड, लातूरकडच्या गावांत शेअर बाजार आता टीव्हीपुरता राहिलेला नाही. पण त्यातले शब्द अनेकांना नीट माहीत नसतात आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

खरं तर मोंढ्यात माल विकणाऱ्याला यातल्या बऱ्याच गोष्टी माहीत असतात, फक्त नावं वेगळी असतात. खाली दिलेला प्रत्येक शब्द वाचताना दोन प्रश्न विचारावेत. पैसे दिल्यावर आपल्या नावावर नेमकं काय आलं? आणि ते कुठं ठेवलंय?

शेअर म्हणजे काय?

शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा. एखाद्या कंपनीचे एक लाख शेअर असतील आणि आपल्याकडे शंभर असतील, तर त्या कंपनीत आपला हजारातला एक हिस्सा आहे.

आपल्याकडं 'शेअर' हा शब्द साखर कारखान्यामुळं घरोघरी माहीत आहे. लातूरचा मांजरा असो की नांदेडचा भाऊराव चव्हाण, सहकारी कारखान्याचा सभासद शेअर घेतो. पण तो शेअर आणि बाजारातला शेअर यात मोठा फरक आहे. सहकारात शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारी शेअरची किंमत ठरलेली असते, तो रोज बाजारात विकता येत नाही. कंपनीचा शेअर रोज विकता येतो, म्हणून त्याचा भाव रोज वरखाली होतो. कारखान्याचा शेअर मुख्यतः ऊस घालण्यासाठी घेतला जातो. कंपनीचा शेअर घेतला जातो तो तिचा धंदा वाढेल या भरवशावर. धंदा बुडाला तर शेअरची किंमतही जाते.

शेअर बाजार, बीएसई आणि एनएसई

माल विकायला जशी बाजार समिती, तसं शेअर विकायला एक्सचेंज. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचं बीएसई १८७५ पासून आहे, ते आशियातलं सर्वात जुनं एक्सचेंज. दुसरं एनएसई. तिथं व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन अशी खरेदी-विक्री चालते. शनिवार, रविवार आणि ठरलेल्या सुट्ट्यांना बाजार बंद.

सेबी

बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी. तिला १९९२ च्या कायद्यानं अधिकार मिळाले. त्याच वर्षी हर्षद मेहताचा घोटाळा उघड झाला होता. ब्रोकर, सल्लागार, म्युच्युअल फंड या सगळ्यांना सेबीकडं नोंदणी करावी लागते. समोरच्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाईटवर कुणालाही तपासता येतो.

ब्रोकर आणि ब्रोकरेज

ब्रोकर म्हणजे इथला आडत्या. आपल्याला थेट एक्सचेंजवर जाता येत नाही, ब्रोकरमार्फत सौदा होतो. त्याची आडत म्हणजे ब्रोकरेज. त्याशिवाय एसटीटी नावाचा कर, जीएसटी आणि इतर छोटे खर्च कापले जातात. हमाली, तोलाई कापलेली पट्टी आपण तपासतो, तशी इथं 'कॉन्ट्रॅक्ट नोट' तपासायची. ती त्याच दिवसाच्या व्यवहाराची पावती असते आणि ई-मेलवर येते.

एक नियम पक्का लक्षात ठेवावा. ब्रोकरला ग्राहकाकडून रोख पैसे घेता येत नाहीत. पैसे आपल्या बँक खात्यातून कंपनीच्या नावाच्या खात्यातच जायला पाहिजेत. "माझ्या फोनपेवर टाका, मी भरतो" असं म्हणणाऱ्याला तिथंच थांबवावं.

डीमॅट खातं

हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. वखार महामंडळाच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की आपल्या नावाची पावती मिळते. माल गोदामात असतो, पण मालकी आपली राहते. डीमॅट खातं तसंच आहे. शेअर पूर्वी कागदावर असायचे, आता ते संगणकावर नोंदवलेले असतात. ही गोदामं दोन आहेत, एनएसडीएल आणि सीडीएसएल. ब्रोकरच्या ॲपमध्ये शेअर दिसतात, पण त्यांची खरी नोंद या दोन ठिकाणी असते.

म्हणून ॲपवर विसंबून न राहता एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणारा मेसेज आणि स्टेटमेंट बघायचं. शेअर विकत घेतला की दुसऱ्या कामाच्या दिवशी तो खात्यात जमा होतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हा नियम लागू आहे.

खातं काढायला पॅन कार्ड, मोबाईल जोडलेलं आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा, खातं काढून देणाऱ्याचा नको. वारसदार, म्हणजे नॉमिनी, लावून घ्यावा. एकाच व्यक्तीचं एकच डीमॅट असेल आणि त्यातली रक्कम कमी असेल, तर 'बेसिक सर्व्हिसेस डीमॅट' मागता येतं. त्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क नसतं.

सेन्सेक्स आणि निफ्टी

लातूरच्या मार्केट यार्डात पोटलीत काय दर निघाला, यावरून त्या दिवसाच्या बाजाराचा अंदाज येतो. पण आपल्या मालाला तोच दर मिळेल असं नाही. ओलावा, माती, डाग बघून भाव ठरतो. सेन्सेक्स आणि निफ्टीचं तसंच आहे. सेन्सेक्स बीएसईवरच्या ३० मोठ्या कंपन्यांवरून काढतात, निफ्टी एनएसईवरच्या ५० कंपन्यांवरून. सेन्सेक्स वाढला म्हणून आपला शेअर वाढेलच असं नाही.

तेजी आणि मंदी

भाव चढत राहिले तर तेजी, पडत राहिले तर मंदी. इंग्रजीत यालाच बुल आणि बेअर म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर गेला होता. कोरोना आला आणि मार्चमध्ये तो २६ हजारांच्या खाली आला. पुढं जानेवारी २०२१ मध्ये त्यानं ५० हजारांचा टप्पा गाठला. ज्यांना थांबता आलं, त्यांचं भरून निघालं. ज्यांना मार्चमध्ये लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे लागले, त्यांना पडलेल्या भावात विकावं लागलं. घरात पैशाची अडचण असली की काढणीबरोबरच सोयाबीन विकावं लागतं, तशीच ही गत.

ऑर्डरचे प्रकार

मार्केट ऑर्डर : चालू भावात लगेच घ्या किंवा विका.
लिमिट ऑर्डर : आपण ठरवलेल्या भावात मिळालं तरच घ्या. नवख्यांनी हीच वापरावी.
स्टॉपलॉस : भाव ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की विकून टाका, म्हणजे तोटा वाढत नाही. भाव एकदम कोसळला तर मात्र याहून कमी भावही मिळू शकतो.
सर्किट : भावाची एका दिवसातली मर्यादा. खालचं सर्किट लागलं की विकणारे रांगेत असतात आणि घेणारा नसतो. दोन-पाच रुपयांच्या अनोळखी शेअरमध्ये लोक असेच अडकतात. आधी ग्रुपवर गवगवा करून भाव चढवला जातो, मग चढवणारे विकून निघून जातात.

आयपीओ

कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते, तो आयपीओ. त्यात एक 'लॉट' म्हणजे ठरावीक शेअरचा गठ्ठा मागावा लागतो. अर्ज केल्यावर पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवले जातात, शेअर मिळाले तरच कापले जातात. त्यामुळं "आयपीओ नक्की मिळवून देतो, पैसे माझ्याकडं द्या" हे बोलणं खोटं समजावं.

डिव्हिडंड, बोनस, स्प्लिट

डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला वाटा, तो बँक खात्यात जमा होतो. तो द्यायचाच असं कंपनीवर बंधन नसतं. बोनस आणि स्प्लिटमध्ये शेअरची संख्या वाढते, पण त्याच प्रमाणात भाव कमी होतो. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही.

पी/ई

शेअर स्वस्त की महाग हे नुसत्या भावावरून कळत नाही. कंपनी एका शेअरमागं वर्षाला १० रुपये कमावते आणि शेअरचा भाव २०० आहे, तर पी/ई २० झाला. म्हणजे एक रुपयाच्या कमाईला बाजार २० रुपये मोजतोय. पी/ईची तुलना त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी करावी.

म्युच्युअल फंड आणि एसआयपी

अनेकांचे पैसे एकत्र करून जाणकार माणसं ते वेगवेगळ्या कंपन्यांत लावतात, तो म्युच्युअल फंड. त्यातल्या एका हिश्श्याला युनिट म्हणतात आणि युनिटच्या भावाला एनएव्ही. दरमहा ठरावीक रक्कम टाकणं म्हणजे एसआयपी. पाचशे रुपयांपासून, काही फंडांत त्याहून कमी रकमेतही ती सुरू होते.

एसआयपी भिशीसारखी वाटते, पण भिशीत किती मिळणार हे ठरलेलं असतं, इथं नसतं. शेतकऱ्याला दरमहा पगार नसतो, त्यामुळं हप्ता झेपेल तेवढाच ठेवावा किंवा सुगीनंतर एकदा रक्कम टाकावी. खात्यात पैसे नसले तर हप्ता चुकतो आणि बँक दंड लावू शकते. एसआयपी बंद करता येते, बंद केली म्हणून आधीचे पैसे बुडत नाहीत. 'डायरेक्ट' योजनेत एजंटचं कमिशन नसतं, 'रेग्युलर'मध्ये असतं.

इंट्राडे, फ्युचर्स आणि ऑप्शन्स

इथं पहिला प्रश्न पुन्हा विचारावा : आपल्या नावावर काय आलं? इंट्राडेमध्ये सकाळी घेतलेलं दुपारी विकायचं असतं, हाती काही राहत नाही. फ्युचर म्हणजे वायदा. पुढच्या तारखेचा भाव आज ठरवायचा आणि त्यासाठी 'मार्जिन' म्हणून थोडीच रक्कम भरायची. पण नफा-तोटा पूर्ण रकमेवर होतो. भाव उलटा गेला तर भरलेली रक्कम संपून वरून पैसे भरावे लागतात.

ऑप्शन म्हणजे जमिनीचा इसार समजा. ठरल्या भावात घेण्याचा हक्क इसार देऊन मिळतो. मुदतीत व्यवहार झाला नाही तर इसार गेला. ऑप्शनची मुदत आठवडाभराचीही असते, म्हणून पैसे झपाट्यानं जातात. जो ऑप्शन विकतो, त्याचा तोटा तर इसाराच्या कितीतरी पट होऊ शकतो.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये याचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त.

शेतमालाच्या वायद्याबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढं अनेकदा वाढवली. त्यामुळं "सोयाबीनच्या वायद्यात पैसे लावून देतो" असं कुणी म्हणालं, तर तो वायदा कोणत्या एक्सचेंजवर चालू आहे, हे आधी विचारावं.

कर

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, शेअरचा नफा नाही. २३ जुलै २०२४ पासून एका वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के.

फसवणूक कशी होते?

आधी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतलं जातं. ग्रुपमधले लोक रोज नफ्याचे फोटो टाकतात, त्यातले बरेच एकाच टोळीचे असतात. मग लिंक पाठवून एक ॲप घ्यायला लावतात. सुरुवातीला दोन-तीन हजार काढूही देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम टाकली की ॲपवर ती वाढलेली दिसते. काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा", "फी भरा" सुरू होतं. ते पैसे कधी बाजारात गेलेलेच नसतात. इथं दुसरा प्रश्न उपयोगी पडतो : शेअर कोणत्या डीमॅटमध्ये आहेत? एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून काहीच आलं नसेल, तर ॲपवरचा आकडा खोटा आहे.

ठरावीक परताव्याची हमी शेअर बाजारात कुणालाही देता येत नाही. ओटीपी, पासवर्ड, यूपीआय पिन नातेवाईकालाही देऊ नये. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त. नोंदणी असलेल्या ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर ती करता येते.

कोणते पैसे टाकू नयेत?

पुढच्या पेरणीचे, पीककर्ज भरायचे, पोरांच्या फीचे आणि घरात ठरलेल्या लग्नाचे पैसे शेअर बाजारात टाकू नयेत. व्याजानं काढून तर अजिबात नाही. वर्षभराचा खर्च बाजूला ठेवून जे उरतं, त्यातूनही थोड्यानं सुरुवात करावी. मावेजाची मोठी रक्कम आली असेल, तर आधी ती स्वतःच्या नावावर बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि घरात बसून विचार करावा. बाजार उद्याही उघडणार आहे.